किती तास खेळलास यापेक्षा डाव कधी संपतो, हे विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुटी तोंडावर आली की वर्तमानपत्रांत व्हिडिओ गेमवर दोन प्रकारचे लेख हमखास येतात. एका प्रकारात मोबाइलच्या आहारी गेलेली मुले, हवालदिल पालक आणि समुपदेशकांचा सल्ला असतो. दुसऱ्यात ई-स्पोर्ट्समधल्या संधी, बक्षिसांच्या रकमा आणि गेम खेळून नाव कमावलेले तरुण असतात. आपल्या दैनिकानेही गेल्या पंधरवड्यात हे दोन्ही लेख छापले. ते आपापल्या जागी वाचनीय होते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या आणि माझ्या समजुतीप्रमाणे संख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या वर्गाविषयी कोणीच लिहीत नाही: अभ्यास, नोकरी, घर सांभाळून निव्वळ मजा येते म्हणून खेळणारी आणि मजा ओसरली की गेम बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागणारी माणसे. मी त्यांच्यापैकी एक आहे. पंचेचाळिशी ओलांडलेली, एका महाविद्यालयाच्या हिशेब विभागात नोकरी करणारी बाई रात्री जेवणानंतर गेम खेळते, हे कळल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याची मला आता सवय झाली आहे.

मला म्हणायचे आहे ते असे, की गेम वेळेवर सोडता येणे हा मनोनिग्रहाचा प्रश्न जितका आहे, त्याहून अधिक तो गेम कसा बनवला आहे याचा प्रश्न आहे. मुलाने किती तास मोबाइल हातात धरला याचा काटेकोर हिशेब ठेवणारे पालक, तो नेमका कोणता गेम खेळतो, त्याचा एक डाव किती वेळ चालतो आणि तो गेम मुळात कधी संपतो तरी का, हे क्वचितच विचारतात.

आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेले गेम बहुतेक सगळे संपणारे होते. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायच्या जपानी यंत्रांच्या स्वस्त नकला आल्या. त्यांत जे बसवायचे त्याला आम्ही सगळेच कॅसेट म्हणत असू आणि ती चालली नाही की खालच्या फटीत फुंकर मारून पुन्हा लावत असू. त्या कॅसेटवरच्या ‘काँट्रा’च्या आठच स्टेज होत्या. हात बसलेली दोन भावंडे अर्ध्यापाऊण तासात शेवटपर्यंत जात, तिथले धडधडते हृदय फोडले की हेलिकॉप्टर निघे, मागे बेट उडे आणि नावांची पाटी सरकू लागे. त्यानंतर खेळायला काही उरत नसे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची किंवा गच्चीवर पळायचे. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये राजकन्या सुटली की मोहीम पूर्ण झाल्याचे पडद्यावर लिहून येई, लगेच खाली नव्या मोहिमेचे आमंत्रणही असे, पण पहिली संपल्याची नोंद आधी होई. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या ‘मुस्तफा’ला (त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, हे मला कितीतरी वर्षांनी समजले) शेवट गाठण्याची गरजच नव्हती, कारण त्याआधी खिशातली नाणी संपत आणि मागे उभा असलेला मुलगा उठवायला टपलेला असे. शाळेच्या संगणकावरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने तर राजकन्येला सोडवायला पूर्ण गेम मिळून साठच मिनिटे दिली होती.

शेवट नसलेला गेम त्या काळीही होताच. अलेक्सी पाझितनोव्ह यांनी १९८४मध्ये मॉस्कोत लिहिलेला ‘टेट्रिस’ जिंकता येत नाही, ठोकळे पडतच राहतात. परंतु त्यांचा वेग असा वाढत जातो की खेळणारा केव्हा ना केव्हा हरतोच, आणि हरला की उठतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्रावरच्या १९८९च्या आवृत्तीत यंत्रच थिजून जाईल इतक्या पुढे कोणी माणूस पोहोचला तो थेट डिसेंबर २०२३मध्ये. तो अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याची बातमी जगभर झाली, ती चौतीस वर्षे या गेमने प्रत्येकाला हरवूनच घरी पाठवले होते म्हणून.

आजच्या मोबाइलवरचे बरेचसे गेम कायमचे हरवतही नाहीत आणि संपतही नाहीत. २०१२मध्ये आलेल्या ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ मिळतात आणि गेलेली प्रत्येक लाइफ अर्ध्या तासाने परत येते. वरकरणी ही मोठी शिस्त वाटते, कारण हरल्यावर गेम स्वतःच थांबवतो. प्रत्यक्षात तो परत यायची वेळ ठरवून देतो आणि तेवढाही धीर नसेल तर पैसे भरून आत्ताच पुढे जाण्याचा रस्ता दाखवतो. लेव्हल हजारोंनी आहेत आणि नव्या येतच राहतात, त्यामुळे ‘एकदाचा संपवतो आणि सोडतो’ असे ठरवणाऱ्याला तो मुक्काम कधी लागत नाही. फेसबुकवरच्या ‘फार्मव्हिल’मध्ये वेळेवर कापणी केली नाही तर पीक वाळून जाई, त्यापायी गजर लावून उठणारी, एरवी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला विसरणारी शहरी माणसे मी पाहिली आहेत. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, एक दिवस चुकला तर तुटणारी साखळी, हंगाम संपण्याआधी वसूल न केल्यास वाया जाणारा विकतचा पास, या सगळ्या युक्त्यांचा आणि खेळण्यातल्या मजेचा संबंध नाही. पंगतीत दोन्ही हात पानावर आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून लाडू सोडणाऱ्या वाढप्यासारखे हे गेम असतात, आणि भूक भागली आहे की नाही हे आपले आपल्याला कळायच्या आत पान पुन्हा भरलेले असते. ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. अकरा वर्षांत ज्यांना तो सोडवला नव्हता, त्यांच्यासाठी कंपनीने तो परस्पर सोडवला.

येथे कायद्याचा विषय निघणे साहजिक आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, मग त्यात कौशल्य लागो वा नशीब, या कायद्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे गेम त्यापासून वेगळे काढले. ऑनलाइन रमीपायी कर्जबाजारी झालेल्या घरांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही विभागणी का हवी होती हे सांगावे लागणार नाही. जुगार आणि खेळ एकाच पिशवीत घालून बोलण्याची आपली सवय त्यामुळे मोडली तर चांगलेच आहे. मात्र करमणुकीचा गेम कधी थांबवावा, हे कायदा सांगत नाही आणि त्याने सांगावे अशी माझी अपेक्षाही नाही. चीनने २०२१मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवली. घरातल्या मोठ्यांनी करायचे काम सरकारने अंगावर घेतले की ते असे घड्याळानेच करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराचा समावेश झाला आहे आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू आहे. आपल्या लेखात तिचा उल्लेख होता, पण त्या व्याख्येत तासांचा आकडा कोठेही नाही, ही गोष्ट राहून गेली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडणे, नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सारे साधारणपणे किमान बारा महिने चालणे, असे त्यात म्हटले आहे. ज्या घरात असे घडते आहे त्यांनी माझ्यासारखीचे पत्र वाचत न बसता डॉक्टरांकडे जावे; बेंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. सुटीत दोन तास गेम खेळणारे प्रत्येक मूल मात्र रुग्ण नसते, आणि त्याला तसे म्हणत राहिल्याने आपण त्याच्याशी गेमबद्दल बोलायची वाटच बंद करतो.

गेल्या दिवाळीत माझा भाचा आमच्याकडे आला होता. तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळतो. पाने वाढून झाली, ताईने स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा ती मोबाइल ओढून घ्यायलाच बाहेर आली, तेव्हा तो जवळजवळ किंचाळला. ताईच्या लेखी हे व्यसनाचे लक्षण होते. ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी एकच संघ उरतो. मोठ्या नकाशावरचा असा डाव सुमारे अर्धा तास चालतो आणि संघात चार जण असतात. भाच्याचे उरलेले तीन साथीदार त्याच्या शाळेतले होते. विसाव्या मिनिटाला मोबाइल बंद करणे म्हणजे त्या तिघांना वाऱ्यावर सोडणे, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याला याचा जाब विचारणार, हे त्याला माहीत होते. मी त्याला विचारले, “किती जण उरलेत?” तो म्हणाला, “अकरा, मावशी. झोन अगदी लहान झालाय.” मग त्याला एवढेच सांगितले, की हा डाव पुरा कर आणि पुढचा लावू नकोस. पाचेक मिनिटांत तो पानावर येऊन बसला आणि एका झुडपामागे लपलेल्याने त्याला कसा टिपला, याचे साग्रसंगीत वर्णन आम्हाला वरणभातासोबत ऐकावे लागले. ताईला ते फारसे रुचले नाही, पण हाका मारण्याआधी डाव कुठवर आला आहे हे ती आता विचारते.

हाच गेम आधी पबजी या नावाने होता, त्यावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि २०२१च्या जुलैत तो नव्या नावाने परतला. मधल्या काळात मुलांनी खेळायचे थांबवले नाही, दुसरे गेम शोधले. परतताना अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. तीन तास म्हणजे सुमारे सहा डाव होतात. दोन डाव खेळून उठायचे असे घरात ठरले आणि ते डावाच्या सुरुवातीला ठरले, तर या मर्यादेपर्यंत जायची वेळच येऊ नये.

जाता जाता बुद्धिबळाविषयी. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ओळखीच्या कितीतरी घरांत मुलांच्या मोबाइलवर बुद्धिबळाचे अॅप आनंदाने घालून दिले गेले. त्यावर तीन-तीन मिनिटांचे डाव एकामागून एक, गेलेले गुण परत मिळवण्याच्या ईर्ष्येने, मध्यरात्रीपर्यंत खेळणारा मुलगा आणि बीजीएमआय खेळणारा मुलगा यांच्यात मला काही फरक दिसत नाही. पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याचा मोबाइल जप्त होतो, इतकेच. बुद्धिबळ शिकायचे असेल तर हरलेला डाव उघडून पाहावा लागतो, आणि तो पाहण्याइतकी उसंत त्या तीन मिनिटांच्या रपाट्यात कोणी घेत नाही.

आता सोडण्याविषयी. कधी सोडावे हे ठरवण्याची वेळ मोठ्या माणसांवर अधिक येते, कारण त्यांना हाक मारणारे कोणी नसते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने, चित्रांपासून संगीतापर्यंत सगळे स्वतः करत, चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवला आणि तो २०१६मध्ये आला. शहरातल्या नोकरीला विटलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला येतो, एवढीच त्याची गोष्ट आहे. गेममधला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरच खेळ जतन होतो, म्हणजे दर पाव तासाला उठून जाण्याची चांगली सोय केलेली आहे. तरीही उठवत नाही, कारण उद्या फुलकोबी तयार होणार असते, परवा गावात जत्रा असते आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लोहार कुदळ सुधारून देणार असतो. गेममधले पहिले वर्षभर मला त्यात विलक्षण सुख मिळाले. सकाळी झारीने एकेका वाफ्याला पाणी घालताना दिवसाचा अर्धा जीव संपायचा आणि उरलेल्यात नदीवर जावे की खाणीत, हे ठरवावे लागायचे. त्या ठरवण्यातच गंमत होती.

गेममधल्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आजोबांचे भूत येते आणि शेत पाहून समाधीवर मेणबत्त्या लावते. माझ्या शेतावर तीन लागल्या. चौथीही मिळवता येते, समाधीशी हिरा ठेवून आजोबांना पुन्हा बोलावण्याची सोय गेममध्ये आहे, आणि मी त्या तयारीला लागलेही होते. पण तोवर शेतभर तुषार सिंचन बसले होते, झारी पेटीत पडली होती आणि माझा प्रत्येक दिवस मुरंब्याच्या बरण्या रिकाम्या करणे, पुन्हा भरणे, माल पेटीत टाकणे आणि आकडा किती वाढला हे पाहणे यांत जाऊ लागला होता. हेच काम मी महाविद्यालयात दिवसभर करते आणि त्याचा पगार घेते. ते लक्षात आल्यावर मी तीन मेणबत्त्यांवर थांबले. त्यात खंत नाही. गेमने द्यायचे ते मला भरभरून दिले होते, आणि कधी वाटलेच तर नवे पडीक शेत आणि नवी झारी घेऊन सुरुवात करता येईल.

असे मध्येच थांबणे खेळणाऱ्यांना अपराधासारखे का वाटते, याचे एक कारण पदकांमध्ये आहे. एक्सबॉक्सने २००५मध्ये आणि प्लेस्टेशनने २००८मध्ये प्रत्येक गेममधल्या कामगिरीची पदके सुरू केली, तेव्हापासून गोष्ट शेवटपर्यंत अनुभवली तरी टक्केवारी शंभर झाली नाही म्हणून माणसे दऱ्याखोऱ्यांत उरलेली पिसे आणि नाणी वेचत फिरतात. पिसे वेचण्यात ज्याला खरोखर आनंद आहे त्याने ती जरूर वेचावीत. मला त्यात रस नसतो, आणि मी एकटी नसावी, कारण स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ही पदके किती टक्के लोकांनी मिळवली हे उघड दिसते आणि बहुतेक मोठ्या गेममध्ये सुरुवातीच्या पदकांच्या मानाने शेवट पाहिल्याचे पदक फारच थोड्यांकडे असते. बाकीचे कुठेतरी मध्ये उठून गेले. त्याच स्टीमवर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात. गेम आपल्याला रुचणार की नाही हे दोन तासांत कळू शकते, हे विकणाऱ्यालाही मान्य आहे. ‘एवढे पैसे घातलेत तर खेळलेच पाहिजे’ म्हणून रविवारची दुपार कंटाळत घालवणारे माझे सहकारी ही सवलत वापरत नाहीत, याचे मला हिशेबनीस या नात्याने विशेष वाईट वाटते.

या पत्राच्या निमित्ताने आपल्याला एक विनंती आहे. रविवार पुरवणीत आपण चित्रपटाचे, नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण छापता. त्याच पानावर महिन्यातून एकदा एखाद्या गेमची नोंद द्यावी. चित्रे किती सुंदर आहेत यावर रकाने खर्चू नयेत, ते फुकट चलत्चित्रांत दिसते. एक डाव किती मिनिटांचा आहे, मध्येच थांबवून उद्या तिथूनच सुरू करता येतो का, साथीदार खोळंबतात का, गेमला शेवट आहे का आणि असल्यास साधारण किती तासांनी येतो, विकत घेतल्यानंतर आत पुन्हा पैसे मागतो का, एक दिवस गैरहजर राहिले तर काही हिरावून घेतो का, एवढे लिहावे. सुटीत मुलाला कोणता गेम घेऊन द्यावा असे विचारणारे पालक माझ्या कार्यालयात दर वर्षी भेटतात आणि त्यांना हीच माहिती हवी असते. ती मराठीत एका जागी मिळत नाही. जागेची अडचण असल्यास दीडशे शब्दांतही हे बसेल, आणि सुटी लागण्यापूर्वी पहिल्या काही नोंदी विनामूल्य लिहून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
सांगली